गुळाची चव

अलीकडे माणसे चव घेण्यासाठी गावोगाव जाऊ लागली आहेत. पूर्वी सहल म्हटली की देऊळ, धबधबा नाहीतर गड. आणि खाणेपिणे म्हणजे घरून डब्यात बांधून न्यायचे आणि झाडाखाली बसून संपवायचे. आता खाणेपिणे हीच सहल झाली आहे. आमच्या बैठकीतले डॉक्टर गेल्या नाताळात मुलाकडे नाशिकला गेले होते. मुलाने त्यांना गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्यांवर फिरवून आणले. तिथून आल्यापासून हा गृहस्थ चहाचा कपसुद्धा आधी उजेडाकडे धरतो, दोनदा गोल फिरवतो, त्यात नाक घालतो आणि मगच ओठाला लावतो. चहा तोवर थंड झालेला असतो, पण त्याची त्यांना फिकीर नाही.

डॉक्टर सांगतात ते ऐकण्यासारखे असते, हे मात्र मान्य केले पाहिजे. १९९९ साली नाशिकजवळ सुला सुरू झाली, २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षांवरच्या प्रक्रियेसाठी धोरण आखले, विंचूर आणि सांगली जिल्ह्यातले पलूस इथे त्यासाठी खास वसाहती काढल्या, आणि पंचवीस वर्षांच्या आत नाशिकचे नाव द्राक्षांबरोबर वाइनसाठीही लोकांच्या तोंडी बसले. डॉक्टरांना या सगळ्यापेक्षा कौतुक वाटले ते मळ्यावर चव देणाऱ्या मुलीचे. वय पंचवीसच्या आतबाहेर. पण हे द्राक्ष कोणत्या जातीचे, कोणत्या उतारावरचे, माती कसली, तोडणी कोणत्या महिन्यात झाली, पिंपात किती दिवस ठेवले, हे तिला पाठ होते. आणि समोरची मंडळीही ते सगळे शांतपणे ऐकून घेत होती. फ्रान्समध्ये तर म्हणे १८५५ सालीच बोर्दोकडच्या मळ्यांची प्रतवारी लावून ठेवली आहे, आणि किरकोळ फेरफार सोडले तर लोक अजून ती मानतात.

"एका पेल्यासाठी एवढी चौकशी!" डॉक्टर म्हणाले.

वहिनी आत कणीक मळत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "द्राक्षाची एवढी चौकशी केलीत, ती गुळाची कधी केलीत का? ती केली असतीत तर दिवाळीत माझे अनारसे तुपात हसले नसते."

या बोलण्याला इतिहास आहे. त्या दिवाळीला वहिनींनी तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, रीतसर कांडून अनारशाचे पीठ केले होते. गूळ आणला होता तो झेंडूच्या फुलासारखा पिवळाधमक. बघूनच जीव सुखावावा. पण अनारसा तुपात सोडला की जाळी पडायच्या ऐवजी विरघळून पसरायचा. अनारसा असा फिसकटला की तो हसला म्हणतात, करणारीला मात्र रडू येते. वहिनी गेली चाळीस वर्षे अनारसे करताहेत. त्यांनी दोष हाताला दिला नाही की तांदळालाही दिला नाही. "हा गूळ नव्हे, साखरेला गुळाचा अंगरखा घातलाय," असा निकाल त्यांनी तेव्हाच दिला होता.

कोल्हापुरात राहून गुळाने फसावे, ही गोष्ट जिव्हारी लागण्यासारखी होतीच. म्हणून संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आम्ही गूळ चाखण्याची सहल काढली: डॉक्टर, वहिनी, त्यांचा सुट्टीवर आलेला नातू, रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले प्रोफेसर, आमच्या सौ. आणि मी. आधी गुऱ्हाळ, मग वर पन्हाळा, आणि दिवेलागणीच्या आत घरी, असा बेत.

तसे पाहिले तर गुऱ्हाळ हा शब्द आपण मराठी माणसांनी फार वाईट वापरला आहे. सभेत कोणी लांबण लावली की 'चर्चेचे गुऱ्हाळ' म्हणून मोकळे होतो. हा त्या बिचाऱ्या गुऱ्हाळावर अन्याय आहे. चर्चेतून शेवटी काही निघत नाही. गुऱ्हाळातून अडीच-तीन तासांत दोनएकशे किलो गूळ निघतो.

कोल्हापुरातून पन्हाळा वीसेक किलोमीटर. पंचगंगेवरचा शिवाजी पूल ओलांडला की रत्नागिरीचा रस्ता लागतो, आणि पुलापासूनच ऊस सोबतीला येतो. उजवीकडे ऊस, डावीकडे ऊस, मध्ये उसाने भरलेली ट्रॉली, आणि तिच्यामागे आपण. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या प्रयाग चिखलीशी एकत्र येऊन पंचगंगा होते. पाचवी सरस्वती गुप्त. ती जिथेतिथे गुप्तच असते. या नद्यांच्या काठची जमीन म्हणजे कोल्हापूरच्या गुळाचे माहेर. केर्ली गेले, जोतिबाचा फाटा गेला, आणि वाघबीळच्या अलीकडे आम्ही कासारीच्या अंगाला आत वळलो. गुऱ्हाळ शोधावे लागत नाही. आधी धूर दिसतो, मग वास येतो. गाडीच्या काचा खाली करताच डॉक्टर डोळे मिटून म्हणाले, "जळका साखरपाक, ओला पाला आणि मागे थोडासा धूर." नाशिकची विद्या कामाला लागली होती.

गुऱ्हाळाचे मालक डॉक्टरांचे जुने पेशंट. त्यांनी "या की, पाव्हणं!" म्हणत खाटेवर घोंगडे टाकले आणि पहिल्यांदा पाण्याचा तांब्या नि गुळाचा खडा पुढे केला. पाहुण्याला उन्हातून आल्यावर गूळपाणी द्यायची रीत शहरात कधीच बंद पडली. इथे अजून आहे. आणि ती असायला घर गुळाचेच असावे लागते असेही नाही.

आता गुऱ्हाळ न पाहिलेल्या मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगतो. एका बाजूला चरक. आजोबांच्या काळी तो बैल फिरवीत, मग इंजिन आले, आता विजेची मोटर. चरकातून निघालेला रस हौदात जातो, आणि पिळलेली चिपाडे पलीकडच्या अंगणात उन्हात वाळत पडतात. हीच चिपाडे पुढे जळण होतात. ऊस स्वतःच्याच सरणावर शिजतो म्हणा ना. मधोमध चुलवाण, म्हणजे जमिनीत खोदलेली प्रचंड चूल, आणि तिच्यावर काहील. काहिलीला कढई म्हणणे म्हणजे पन्हाळ्याला टेकडी म्हणण्यासारखे आहे. हजार-बाराशे लिटर रस तिच्यात एका वेळी मावतो. त्या एका वेळच्या रसाला आधण म्हणतात. खाली बसून जाळ घालणारा माणूस चिपाडांचे मूठ-मूठ घास चुलवाणाच्या तोंडात सारखे देत असतो. तो काही बोलत नाही. त्याचे सगळे लक्ष वर उभ्या असलेल्या गुळव्याच्या हाताकडे असते.

गुळव्या हा गुऱ्हाळाचा राजा. मालक गुऱ्हाळाचा धनी असेल, पण काहिलीवर हुकूम गुळव्याचा. हे मामा सत्तरीच्या घरातले, धोतर गुडघ्यावर खोचलेले, अंगात बंडी, हातात लांब दांड्याचा झारा. रस कोमट झाला की त्यांनी आधी रानभेंडीचे पाणी टाकले. रानभेंडीची हिरवी खोडे ठेचून पाण्यात चोळली की पाणी बुळबुळीत होते. ते रसात गेले की रसातली घाण त्या बुळबुळीत अडकते आणि फेसाबरोबर वर येते. ही मळी. ती झाऱ्याने काढून टाकायची. जितकी नेमाने काढाल तितका गूळ स्वच्छ. मग चिमूट-चिमूट चुन्याची निवळी. प्रोफेसरांनी नातवाला समजावले, की रस आंबटसर असतो, चुन्याने तो आंबटपणा मारला की गूळ घट्ट बसतो. पण चुना जास्त पडला तर रंग काळपटतो. मामांनी हे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मास्तर बराबर बोलत्यात. पर किती टाकायचा ते सांगा की!" प्रोफेसर हसले. ते फडाफडाला बदलते. तोडून दोन दिवस पडलेल्या उसाला निराळे, सकाळी तोडलेल्याला निराळे. खत भारंभार घातलेल्या उसाला तर काही केले तरी गूळ धड बसत नाही, असे मामांचे मत.

जाळ वाढला तसा रसाचा रंग पालटत गेला: आधी गढूळ हिरवा, मग पिवळा, मग मधासारखा. फेस काठापर्यंत चढला की मामा थेंबभर तेल सोडत, आणि एवढा मोठा फेस शाळेत हेडमास्तर आल्यासारखा मुकाट्याने खाली बसे. पुस्तकात पाहिले तर काकवी १०५ अंशांच्या आसपास उतरवतात आणि घट्ट गूळ ११६ ते ११८ अंशांना. मामांकडे तापमापक नव्हता. त्यांनी झाऱ्यावरून थेंब थंड पाण्याच्या वाटीत सोडला, बोटांनी चाचपला, गोळी झाली का पाहिले, आणि वाटीच्या काठावर टाकून तिचा आवाज ऐकला. दोनदा नुसती मान हलवली. तिसऱ्यांदा हात वर केला. त्याबरोबर खाली जाळ थांबला, चौघे धावले, साखळीने काहील उचलली गेली आणि सगळा तांबूस प्रवाह शेजारच्या वाफ्यात ओतला गेला. या वेळी कोणी कोणाशी बोलत नाही. एक मिनिट उशीर झाला तरी आधण करपते, आणि एक मिनिट आधी उतरले तर गूळ बसत नाही, पाझरत राहतो. दोनशे किलो गुळाचे भवितव्य त्या एका वर केलेल्या हातात.

आता चाखण्याकडे येतो. मालकांनी क्रम स्वतःच लावला होता, आणि नाशिकच्या चवखोलीलाही तो मान खाली घालायला लावील असा होता. पहिला रस, चरकाखालून थेट, त्यात आल्याचा तुकडा पिळलेला. जानेवारीतल्या सकाळी तो बर्फाशिवायच दात शिवशिवतील इतका गार असतो. दुसरी काकवी, शिळ्या भाकरीबरोबर. शिळी मुद्दाम, ताज्या भाकरीवर काकवी वाहून जाते, शिळी ती धरून ठेवते. तिसरा ऊन गूळ, वाफ्याच्या कडेचा, उसाच्या कांडीवर गुंडाळलेला, आणि बरोबर भुईमुगाच्या शेंगा. नातवाने हा तिसरा प्रकार चार वेळा घेतला. आमच्या सौ.नी काकवीलाच पहिला नंबर दिला. डॉक्टरांनी ऊन गूळ जिभेवर धरला, टाळ्याला लावला, थोडा वेळ थांबले. वाइन चाखणारे चव घेऊन झाली की ती थुंकून टाकतात, असे त्यांनीच आम्हांला सांगितले होते. गूळ मात्र त्यांनी गिळला.

मग मालकांनी दोन खडे आणले. दोन्ही त्यांचेच, एकाच गुळव्याच्या हातचे, एकाच आठवड्यातले. "ह्यो नदीकाठचा, काळ्या रानातला. ह्यो माळाचा, तांबड्या मातीतला. सांगा फरक."

फरक होता! कोणालाही कळावा इतका होता. नदीकाठचा गडद, जड, आणि गोडीच्या शेवटी जिभेच्या कडांना किंचित खारट लागणारा. माळाचा उजळ, खुसखुशीत, नुसता गोड आणि लगेच विरणारा. मालकांनी सांगितले, की काळ्या रानात ऊस वजनाला जास्त भरतो, पण पाण्याचा निचरा झाला नाही तर गुळात खारटपणा उतरतो, आणि अगदी चोपण जमिनीतला गूळ तर पावसाळा काढत नाही. माळाचा ऊस वजनाला मार खातो पण गूळ सुरेख देतो. डॉक्टर थक्क झाले. नाशिकच्या मुलीने त्यांना माती आणि उतार यांच्याबद्दल जे सांगितले, तेच पन्हाळ्याच्या पायथ्याचा शेतकरी शेंगा फोडता फोडता सांगत होता. गाढवाला गुळाची चव काय, अशी म्हण आहे. गाढवाला ती नसते यात गाढवाचा काही दोष नाही. पण आपण कधी दोन खडे शेजारी ठेवून चाखून पाहिले आहेत का?

इतका वेळ वहिनी गप्प होत्या. त्यांची नजर कोपऱ्यात रचलेल्या रव्यांकडे होती. कोल्हापुराकडे ढेपेला रवा म्हणतात. पूर्वी तो तीस किलोचा असे, आता शहरातल्या छोट्या घरांसाठी दहा, पाच आणि एक किलोचेही पाडतात. तिथे दोन रांगा होत्या. पुढे पिवळेधमक रवे, मागे गोणपाटाखाली तपकिरी.

"हे दोन तऱ्हेचे कसे?" वहिनींनी विचारले.

"पिवळा बाजारचा," मालक म्हणाले.

"आणि घरी कुठला खाता?"

मालकांनी मामांकडे पाहिले, मामांनी काहिलीकडे. "घरी त्यो मागचा," मालक शेवटी म्हणाले.

मग हळूहळू सगळे बाहेर आले. गुळाचा भाव रंगावर ठरतो. कोल्हापूरच्या गुळाचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे गुजरात, आणि तिकडे पिवळा गूळ हवा. तिकडे कशाला, मुंबई-पुण्याच्या वाण्याकडे उभ्या असलेल्या बाईलाही पिवळाच हवा. तपकिरी गूळ पुढे केला तर ती "जुना दिसतो" म्हणून परत करते. मग रसात हायड्रॉस नावाची पांढरी पूड टाकावी लागते. प्रोफेसरांनी तिचे पूर्ण नाव सांगितले: सोडियम हायड्रोसल्फाइट. ती रंग उडवते. कपड्याच्या गिरणीत जे काम करते तेच इथे करते. तिच्यातला गंधक थोडा गुळात राहतो, म्हणून कायद्याने त्यावर मर्यादा घातली आहे. सगळ्यात गंमत म्हणजे हा उडवलेला रंग टिकतही नाही. काही आठवडे गेले की गूळ पुन्हा आपल्या मूळ वळणावर जाऊन तांबूस होतो. म्हणजे ही सगळी खटपट दुकानात उभे राहून बघण्याच्या दोन मिनिटांपुरती.

याहून पुढची पायरी म्हणजे रसात साखरच टाकायची. साखर स्वस्त असली की तीही घातली जाते; गूळ उजळ दिसतो, कडक बसतो, वजन वाढते. वहिनींचे अनारसे कशाने हसले याचा उलगडा तिथे वाफ्याकाठी झाला. "मी करत नाही," मालक म्हणाले, "पर कोण करतंय ते सांगायचं न्हाई."

येथे मालकांची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर ते अन्यायाचे होईल. एक टन उसाचा गूळ होतो १०० ते १२० किलो. तोच ऊस साखर कारखान्याला घातला तर वजनावर ठरलेला दर मिळतो, तोडणीला टोळी कारखान्याची येते, आणि जाळ, चुना, मजूर, बाजारभाव यांपैकी कशाचीही काळजी नाही. गुऱ्हाळ लावायचे म्हणजे दहा-बारा माणसे रात्रंदिवस हाताशी हवीत. ती मिळत नाहीत. मामांचा मुलगा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आठ तासांची पाळी करतो. मुलाचे काय चुकले? चुलवाणाशेजारी चाळीस वर्षे उभे राहून बापाच्या पायांचे काय झाले ते त्याने पाहिले आहे. मामांनी आतापर्यंत चार जणांना हाताखाली घेतले, चौघेही सोडून गेले. या पंचक्रोशीतली कितीतरी चुलवाणे अशीच थंड पडली. चालू आहेत त्यांतही मामांसारखा गुळव्या आज इथे तर उद्या तिथे असा फिरवला जातो, पूर्वी एखादा गवई फिरवीत तसा.

आणि गुळावाचून कोल्हापूर म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला वेगळे सांगायला नको. १८९१ साली मिरजेहून इथवर रेल्वे आली, आणि १८९५ साली शाहू महाराजांनी स्टेशनाजवळ शाहूपुरीची पेठ वसवली ती मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठी. गावातला गूळ पेठेत, पेठेतला गाडीत, आणि गाडीतला मुलुखभर, असा तो मार्ग. पुढे महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले आणि उसाला पाणी मिळण्याची वाट मोकळी झाली. आजही दिवाळीच्या पाडव्याला मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त होतो. पहिल्या रव्याला काय भाव मिळाला ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते. २०१४ साली 'कोल्हापूर गूळ' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आपला गूळ आणि बोर्दोची वाइन आता एकाच पंगतीला बसली आहे. पंगतीत बसून पानात काय वाढून घ्यायचे ते मात्र गिऱ्हाइकाच्या हाती.

दुपारी बाराला आम्ही निरोप घेतला आणि वाघबिळावरून वळून गड चढलो. पन्हाळ्याचे मोठे सुख हे, की गाडी थेट वर जाते; साठीनंतर गडप्रेम टिकवायचे तर असा गड जवळ असावा. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत पन्हाळाही आहे. वर झुणका-भाकर, खर्डा आणि मातीच्या गाडग्यातले दही. सकाळभर गोड खाऊन जीभ इतकी थकली होती, की खर्ड्याचा पहिला घास म्हणजे साक्षात्कार वाटला. मोरोपंतांचा जन्म या गडावरचा, १७२९ सालचा, ही माहिती प्रोफेसरांनी दह्याबरोबर दिली.

जेवणानंतर अंबरखान्यात गेलो. गंगा, यमुना, सरस्वती अशी या धान्यकोठारांची नावे. बाहेर कडक ऊन, आत गारवा आणि अंधार. १६६० साली सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला तो महिनोन् महिने चालला. महाराज जुलैच्या पावसात रात्री निसटून विशाळगडाकडे गेले, ही कथा नातवाला तोंडपाठ होती. त्याला एकच शंका होती, की इतके दिवस वर लोकांनी खाल्ले काय? त्याचे उत्तर त्या तीन कोठ्यांनी दिले. "आणि गोड?" हा पुढचा प्रश्न. सकाळी पोटात काय गेले होते त्यावरून मुलाला प्रश्न सुचतात.

तटावर बसलो तेव्हा खाली सगळा ऊस पसरलेला दिसत होता, आणि त्यात मधूनमधून धुराचे उभे दोर. नातू ते मोजू लागला. प्रोफेसर म्हणाले, की जपानच्या ओकिनावाकडे आठ बेटांवर काळा गूळ करतात. 'कोकुतो' म्हणतात त्याला. प्रत्येक बेटाच्या गुळाची चव निराळी, आणि पाकिटावर बेटाचे नाव छापलेले असते. जपानी माणूस ते वाचून विकत घेतो, पाहुण्याला भेट म्हणून देतो. काळा म्हणून परत करत नाही.

"आपल्या रव्यावर काय छापायचं?" डॉक्टरांनी विचारले.

"गावाचं नाव, फडाचं नाव, गाळपाची तारीख," वहिनी म्हणाल्या, "आणि गुळव्याचं नाव. ते आधी."

डॉक्टरांनी लगेच खिशातली चिठ्ठी काढून सुरुवात केली, आणि तिथे त्यांना अडल्यासारखे झाले. सकाळचे चार तास आम्ही ज्याच्या हातचे खाल्ले त्याला सगळेजण मामा म्हणत होते. पूर्ण नाव कोणी विचारलेच नव्हते. उतरताना गाडी पुन्हा त्या आतल्या रस्त्याला घालावी लागली. दुसरे आधण चुलवाणावर चढलेले. मामांनी झारा न थांबवता नाव सांगितले, वडिलांचे सांगितले, आजोबांचेही सांगितले. तिघेही गुळव्या. नाव मी इथे छापत नाही, कारण त्यांची परवानगी घेतलेली नाही. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते आहे.

येताना वहिनींनी गोणपाटाखालचे दोन रवे घेतले. घरी आल्यावर शेजारीपाजारी खडा-खडा वाटला. तिघींनी "असा काळा कसा हो?" म्हणून विचारले. वहिनी काही बोलल्या नाहीत, त्यांनी प्रत्येकीला दुकानातला पिवळा खडाही शेजारी दिला आणि दोन्ही तोंडात घालायला सांगितले. तिघींपैकी दोघींनी आता गुऱ्हाळाचा पत्ता लिहून घेतला आहे. तिसरीला अजून पिवळाच आवडतो. असेल! जिभा सारख्या नसतात.

एक मात्र सांगायला हवे. नुसता काळा म्हणजे अस्सल असेही समजू नका. करपलेला गूळही काळाच असतो, आणि मळी नीट न काढलेलाही. काळ्याला आता शहरात भाव येऊ लागला आहे हे पाहून तिथेही हातचलाखी होईल. खडा तोंडात धरा, सावकाश विरू द्या. करपलेला असेल तर मागे कडवटपणा राहतो. साखर घातलेला असेल तर गोडी एकदम येते आणि एकदम जाते, मागे काही उरत नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा गुऱ्हाळे नुकती पेटू लागली असतील. पाडव्याचे सौदे झाले की जोर चढतो आणि तो होळीपर्यंत टिकतो. जायचे असेल तर सकाळी आठच्या आत पोहोचा, म्हणजे पहिले आधण उतरताना सापडेल. आधी विचारून जा. ती कामाची जागा आहे. मुलांना काहिलीपासून चार हात लांब ठेवा. शिळ्या भाकरी घरून न्या, शेंगा तिथे मिळतील. आणि डबा मोठा न्या, काकवी सांडते.